तीन खड्डे आणि राहून गेलेली तार

भोपाळजवळ केरवा-कोलारच्या बाजूला एखाद्या फार्महाउसवर, रायसेनच्या जंगलातल्या चौकीत किंवा सीहोरच्या गव्हाच्या शेतात सौर संच बसवून झाला की बसवणारा मालकाला अंगणात नेतो आणि तीन झाकणे दाखवतो. हे एसीचे अर्थिंग, हे डीसीचे, आणि हे एलएचे, म्हणजे वीज अटकाव यंत्राचे. तीन खड्डे, तीन जीआय पट्ट्या, तीन वेगळ्या वाटा. मालक एक झाकण उचलून आत डोकावतो, समाधानाने परत ठेवतो आणि उरलेले पैसे देऊन टाकतो. माझे म्हणणे असे की या तीन खड्ड्यांनी ते घर सुरक्षित झालेले नसते, आणि बऱ्याचदा ते आधीपेक्षा जास्त धोक्यात आलेले असते. कारणे दोन. हे खड्डे एकमेकांना जोडलेले नसतात. आणि इन्व्हर्टरपाशी जी एक वीतभर तार लागते, ती कोणी लावलेलीच नसते.

सौरऊर्जेची चर्चा आपल्याकडे मोठ्या आकड्यांत होते. रीवाचा ७५० मेगावॉटचा प्रकल्प २०२० मध्ये राष्ट्राला अर्पण झाला, भोपाळच्या शेजारची सांची सप्टेंबर २०२३ मध्ये देशातले पहिले सौर शहर ठरली, आणि २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत गच्च्या भरू लागल्या. या सगळ्यांच्या मागे वीज कंपनीची लाइन आहे आणि लाइनच्या मागे डीपी, म्हणजे रोहित्र. डीपीपाशी न्यूट्रल जमिनीला पक्का जोडलेला असतो. घरमालकाने काही केले नाही तरी निम्मे काम तिथे झालेले असते. जिथे लाइन पोचलेली नाही किंवा मालकाने मुद्दामच घेतलेली नाही, तिथे हे निम्मे काम करणारे कोणी नसते. एक-दोन किलोवॉटची पॅनेले, चार बॅटऱ्या, एक इन्व्हर्टर हेच तिथले वीजकेंद्र, आणि गावचा वायरमन हाच त्याचा मुख्य अभियंता. हा वायरमन लाइनच्या घरांत काम शिकलेला असतो. तिथे जे आयते मिळते ते इथे आपल्या हाताने करावे लागते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

गोंधळाचे मूळ जमिनीबद्दलच्या आपल्या समजुतीत आहे. जमीन वीज पिऊन टाकते, असे आपण धरून चालतो. म्हणून वाटते की जितका खोल खड्डा, जितका जास्त कोळसा आणि मीठ, तितकी वीज लवकर मुरणार. विजेच्या कामात जमिनीला प्रथम जुंपले ते मात्र भलत्याच कारणासाठी. म्युनिकच्या कार्ल ऑगस्ट फॉन स्टाइनहाइल यांनी १८३८ मध्ये दाखवून दिले की तारायंत्राच्या दोन तारांपैकी परतीची तार काढून टाकली आणि दोन्ही टोके जमिनीत पुरली तरी संदेश जातो. तांबे वाचवण्याची ती युक्ती होती. प्रवाह एका टोकाला जमिनीत शिरत होता तो दुसऱ्या टोकाला वर येऊन आपल्या बॅटरीकडे परत जाण्यासाठी. विजेचा हा स्वभाव तेव्हापासून बदललेला नाही. ती जिथून निघाली तिथेच परत जाते, आणि परतीला वाट नसेल तर निघतच नाही.

आता हे शेतघरातल्या इन्व्हर्टरला लावून पाहू. त्याच्यातून निघणाऱ्या दोन तारांपैकी एकही जमिनीला जोडलेली नाही. फेज आणि न्यूट्रल ही नावे आपण त्यांना सवयीने दिलेली. टेस्टर लावला तर कधीकधी दोन्हींवर मंद उजळतो, आणि वायरमन चक्रावतो. मिक्सरच्या आत एक तार सुटली आणि पत्र्याच्या अंगाला चिकटली. अंगापासून तीन पिनांच्या प्लगमधून अर्थची तार खड्ड्यापर्यंत व्यवस्थित गेली आहे, खड्डाही उत्तम आहे. तरी काहीच होत नाही, कारण जमिनीतून इन्व्हर्टरकडे परत जायला वाट नाही. मिक्सर चालत राहतो आणि दोष लपून राहतो. पुढे श्रावणात अंगणातल्या दिव्याच्या डबीत पाणी शिरते आणि दुसरी तार ओल्या भिंतीला लागते. आता मंडल पूर्ण झाले, पण भिंतीतून आणि मातीतून जाणारा प्रवाह किती असणार? १ केव्हीएच्या इन्व्हर्टरला पूर्ण भार घातला तरी तो सव्वाचार अँपिअरच्या आसपास देतो, अगदी ताणला तर क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्याच्यापुढे वायरमनने १६ अँपिअरचा एमसीबी बसवलेला असतो. हा एमसीबी अशा दोषाने कधीही पडणार नाही. लाइनच्या घरात तो पडू शकतो, कारण तिथे मागे डीपी असते आणि ती शेकडो अँपिअर ओतू शकते. इथला स्रोतच अशक्त आहे, आणि अशक्त स्रोत माणसाला मारण्याइतका मात्र पुरेसा सशक्त असतो. त्यासाठी अँपिअरचा दहावा हिस्सासुद्धा फार.

यावर उपाय म्हणून काही जण आरसीसीबी बसवतात. यंत्र उत्तम आहे. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की ते वीज तोडते. पण फरक पडायचा तर गळलेल्या प्रवाहाला आरसीसीबीला वळसा घालून स्रोताकडे परतता आले पाहिजे, आणि दोन्ही तारा अधांतरी असलेल्या इन्व्हर्टरला असा वळसाच नसतो. एक तार मिक्सरच्या अंगाला, दुसरी ओल्या भिंतीला, आणि मधे माणूस, असे झाले तरी दोन्ही दोष आरसीसीबीच्या पुढे असल्याने गेलेले आणि आलेले सारखेच दिसतात. यंत्र आंधळे होते. त्यावरचे टेस्टचे बटण मात्र दाबले की खटकन पडते! ते बटण आपल्याच दोन तारांमध्ये आतल्या आत थोडा प्रवाह वळवते. त्याचा अर्थशी काही संबंध नसतो, त्यामुळे खड्डा असो वा नसो, न्यूट्रल जोडलेला असो वा नसो, ते नेहमी पास होते. यंत्र बिघडलेले नाही एवढेच त्यातून कळते. दर महिन्याला नेमाने बटण दाबून निर्धास्त झोपणारे मालक किती असतील, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होते.

राहून गेलेली तार ही इथली. इन्व्हर्टरमधून बाहेर पडताच, आरसीसीबीच्या अलीकडे, दोन तारांपैकी एक तार अर्थच्या पट्टीला जोडायची. तिला आता खऱ्या अर्थाने न्यूट्रल म्हणता येते. ही जोडणी एकाच ठिकाणी करायची, दुसरीकडे कुठेही नाही. एवढे केले की गळती खड्ड्यातून किंवा अर्थच्या तारेतून थेट इन्व्हर्टरकडे परतते, फरक दिसतो, आणि आरसीसीबी माणसाच्या आधी जागा होतो.

याच्या उलट मत असलेले अभियंते आहेत आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्याजोगे नाही. ते म्हणतात, दोन्ही तारा अधांतरीच राहू द्या, मग एका तारेला हात लागला तरी झटका बसत नाही. इस्पितळांतल्या शस्त्रक्रियागृहात हीच पद्धत असते. खरे आहे. पण तिथे पहिला दोष होताच घंटा वाजवणारे उपकरण सतत पहारा देत असते, आणि ती घंटा ऐकायला माणूस हजर असतो. शेतघरात पहिला दोष गुपचूप होतो आणि त्या क्षणापासून तारा अधांतरी राहिलेल्याच नसतात. आपण फक्त तसे समजत असतो. एक खोली, दोन दिवे, एक पंखा आणि आखूड वायरिंग असेल तर अधांतरी ठेवण्यात मला काही गैर वाटत नाही. पण गोठ्यापर्यंत गेलेली केबल, विहिरीवरचा पंप, ओल धरणाऱ्या भिंती असा पसारा असेल, तर तारा चार पावसाळे अधांतरी राहतील यावर माझा विश्वास नाही. सगळ्यात वाईट मधली अवस्था: अर्थचा खड्डा आहे, आरसीसीबी आहे, आणि जोड नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नेमकी तीच असते.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक इन्व्हर्टर हा जोड सहन करत नाही. ज्यांच्यात जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर असतो त्यांच्यात बॅटरी आणि बाहेरची वीज वेगळी राहते, तिथे सहसा अडचण येत नाही. हलक्या, स्वस्त इन्व्हर्टरांपैकी काहींच्या दोन्ही तारांवर बॅटरीच्या मानाने निम्मा निम्मा दाब असतो. तिथे बॅटरीचे निगेटिव्ह आणि बाहेरची एक तार अशी दोन्ही जमिनीला जोडली तर पहिल्याच चालूला कार्ड उडते. म्हणून माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय तारेला हात लावू नये, आणि ज्याच्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही तो इन्व्हर्टर घेऊ नये, असे माझे मत आहे. जनरेटर किंवा पुढेमागे येणारी लाइन त्याच घराला जोडायची असेल तर दोन ठिकाणी जोड होणार नाहीत हेही पाहावे लागते.

आता आकाशातली वीज. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत २०१९ ते २०२२ या प्रत्येक वर्षी देशात वीज कोसळून २,८०० हून अधिक माणसे गेल्याची नोंद आहे, आणि मध्य प्रदेश या यादीत सतत वरच्या राज्यांमध्ये असतो. शॉक लागून मरणारे त्याच्या चौपट असतात, पण भीती आकाशातल्या विजेची जास्त, आणि विक्रेत्याला भीती हाताशी लागते. म्हणून गच्चीवर एलएचा भाला आणि त्याचा स्वतंत्र खड्डा. स्वतंत्र का? तर त्याची वीज घरात येऊ नये म्हणून. ऐकायला पटते. हिशेब करून पाहिला की पटेनासे होते.

समजा, विजेचा लोळ २०,००० अँपिअरचा आहे आणि एलएच्या खड्ड्याचा रोध १० ओहम. त्या क्षणी तो खड्डा आणि त्याला जोडलेले सगळे दूरच्या जमिनीच्या मानाने २ लाख व्होल्टवर चढते. पाच-सात मीटरवरचा डीसीचा खड्डा त्या मानाने खाली असतो, एसीचा आणखी वेगळ्या पातळीवर. पॅनेलची चौकट एका खड्ड्याला, इन्व्हर्टरचे अंग दुसऱ्याला. या दोन पातळ्यांना जोडणारी सगळ्यात सोपी वाट कोणती? पॅनेलची केबल, इन्व्हर्टरचे कार्ड आणि घरातली वायरिंग. खड्डे वेगळे ठेवून आपण लोळाला इन्व्हर्टरमधून जायचे आमंत्रण दिलेले असते. लोळ शेजारच्या शेतात पडला तरी जमिनीतल्या पातळ्यांतला हा फरक कमी प्रमाणात उद्भवतोच. वादळात झाडाखाली उभी असलेली गुरे माणसांपेक्षा जास्त मरतात त्याचे एक कारण हेच: पुढचे पाय आणि मागचे पाय यांत अंतर जास्त, म्हणून त्यांच्यातला दाबाचा फरकही जास्त. मग मालक तक्रार करतो की एलए लावला होता तरी कार्ड उडाले. लावला होता म्हणूनच उडाले असण्याची शक्यता त्याला कोणी सांगत नाही.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७६ मध्ये या प्रश्नाला हात घातला होता. दारूगोळ्याची इमारत विजेपासून वाचवायची असेल तर ती सर्व बाजूंनी तांब्याने वेढा, मग तिला जमिनीशी जोडण्याचीसुद्धा गरज नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. आतले सगळे एकाच पातळीवर वर-खाली होत असेल तर आत ठिणगी पडायला फरकच उरत नाही. विमानावर वीज पडते आणि ते पुढे उडत राहते. त्याला कुठला खड्डा? बाहेरून आत येणारी धातूची प्रत्येक वस्तू मात्र त्या वेढ्याला जोडलेली हवी, ही अट त्यात आलीच. आपल्या शेतात अशी वस्तू म्हणजे बोअरची पाइप. पंपाच्या चपट्या केबलमध्ये सहसा तीनच तारा असतात, अर्थची चौथी नसते. त्यामुळे बोअरमधल्या मोटरीचे अंग पाण्यातून आपले आपण जमिनीला भिडलेले असते आणि वर स्टँडवरचा कंट्रोलर दुसऱ्याच खड्ड्याला. केसिंग लोखंडी असेल तर तिच्याइतका खोल आणि कायम ओला इलेक्ट्रोड त्या शेतात दुसरा मिळणार नाही, आणि नेमकी तीच जोडायची राहते.

हा मुद्दा तज्ज्ञांनाही सहज सुटलेला नाही. अमेरिकेच्या वीजसंहितेत पॅनेलपाशी आणखी एक सळई ठोकण्याची सक्ती २००८ मध्ये आली, २०११ मध्ये गेली, २०१४ मध्ये परत आली आणि २०१७ मध्ये ऐच्छिक झाली. वाद सळईबद्दल चालला. चौकटीपासून घराच्या अर्थपर्यंत तार हवी यावर वाद नव्हता. आपल्याकडेही नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या तांत्रिक अटींत अर्थचा रोध ५ ओहमपेक्षा जास्त नसावा असे आहे आणि सगळे अर्थबिंदू एकमेकांना जोडून एकाच पातळीवर ठेवावेत असेही आहे. पहिली अट ठेकेदारांना तोंडपाठ असते.

आणि त्या ५ ओहमचे भोपाळच्या जमिनीत काय होते? हे शहर दोन भूस्तरांच्या सीमेवर वसले आहे. श्यामला हिल्स, अरेरा हिल्स, ईदगाह हिल्स हे विंध्य वाळूखडकाचे उंचवटे; माळव्याच्या बाजूला सरकले की कापसाची काळी माती. तीन मीटरची सळई साधारण मातीत ३०-३५ ओहम देते, ओल्या काळ्या मातीत तीच ३-४ ओहमवर येते, आणि खडकात काही शे ओहमच्या खाली उतरत नाही. म्हणजे सीहोरच्या शेतात ५ ओहम ऑगस्टमध्ये विनासायास मिळतात आणि टेकडीवर लाखभर रुपये पुरले तरी मिळत नाहीत. काळ्या मातीचा खोडसाळपणा वेगळाच. मे महिन्यात तिला हात जाईल इतक्या भेगा पडतात, ती सळईपासून सुटते, आणि पावसाळ्यात मोजलेला आकडा कागदावरच राहतो. जूनच्या सुरुवातीला, पहिली वादळे येतात तेव्हा, अर्थिंग सर्वांत दुबळे असते. ‘केमिकल अर्थिंग’ म्हणून पोत्यातून विकली जाणारी बेंटोनाइट माती आणि शेतकऱ्याच्या बांधावरची काळी माती एकाच कुळातल्या, दोन्हींतले मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. ती पोती काळ्या मातीच्या रानात विकत घेतलेली पाहिली की हसू येते, आणि विकणाऱ्याचे कौतुकही वाटते.

पण मुख्य गोष्ट अशी की जोड नीट असेल तर या आकड्याचा एवढा बाऊ करायचे कारणच नाही. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी १०० ओहमच्या खड्ड्यावरही पडतो. तोवर उपकरणाच्या अंगावर ३ व्होल्ट चढलेले असतात. उपकरणांच्या अंगापासून अर्थची तांब्याची तार अखंड इन्व्हर्टरच्या जोडापर्यंत गेली असेल तर गळती मातीत उतरतच नाही, ती तारेनेच परतते. टेकडीवरच्या घरमालकाने खडक फोडण्यात पैसे घालवण्यापेक्षा सगळ्या धातूंना एका तारेत ओवावे. पॅनेलच्या चौकटीला तार नुसती बोल्टखाली दाबून मात्र भागत नाही. ॲल्युमिनियमवरचा ॲनोडायझिंगचा थर वीज वाहत नाही, तो खरवडणारा दातेरी वॉशर लागतो. ही चार रुपयांची वस्तू.

अर्थिंगच्या नावाने उलट दिशेनेही फसवणूक होते. १२ व्होल्टचा संच, तीन एलईडी दिवे आणि मोबाइलचा चार्जर एवढ्यासाठी शॉकपासून बचाव म्हणून खड्डा खणायची गरज नसते. तो दाब कोरड्या हाताला जाणवतही नाही. बॅटरीजवळ योग्य फ्यूज हवा, कारण तिथे धोका आगीचा असतो. याच्या दुसऱ्या टोकाला बैतुल जिल्ह्यातले बाचा. महाराष्ट्राला लागून असलेल्या या जिल्ह्यातल्या या छोट्या आदिवासी गावात आयआयटी मुंबईने आखलेल्या संचांवर २०१८ पासून घरोघरी सौर इंडक्शन चुली आल्या. धुरातून सुटका झाली, ही थोर गोष्ट. ऊर्जा दिव्याकडून चुलीकडे गेली की प्रश्नाचे स्वरूप बदलते, ते यामुळे: शेकडो वॉट, सारवलेली जमीन, सांडलेले पाणी, अनवाणी बसलेली बाई. सरकारी योजनांतले पंप तर कित्येक पॅनेले ओळीत जोडून काहीशे व्होल्ट डीसीवर चालतात. ‘सोलर आहे, त्याचा शॉक लागत नाही’ हे १२ व्होल्टच्या दिव्यांच्या काळातले वाक्य लोकांच्या तोंडी तसेच राहिले आहे.

भोपाळमध्ये बसून सुरक्षेवर लिहिताना १९८४ च्या वायुदुर्घटनेचा उल्लेख टाळावा असे वाटत होते, कारण त्या रात्रीशी दोन किलोवॉटच्या संचाची तुलना शोभत नाही. तरी एक तपशील मनातून जात नाही. युनियन कार्बाइडच्या आवारात वायू जाळून टाकण्याचा मनोरा उभा होता. त्याच्याकडे जाणाऱ्या नळीचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. तपासणीला येणाऱ्याला मनोरा लांबून दिसतो. नळी जोडलेली आहे की नाही, ते जवळ जाऊन पाहावे लागते.

खड्डेही असेच लांबून दिसतात, म्हणून मोजले जातात, आणि मोजले जातात म्हणून बिलात येतात. खड्ड्याचे पैसे लावता येतात, कोळसा-मिठाचे लावता येतात, एलएच्या भाल्याचे तर नक्कीच. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातल्या वीतभर तारेचे, खड्ड्या-खड्ड्यांमधल्या पट्टीच्या दोन वेल्डिंगांचे काय लावणार? वर ही तार कुठे लावायची हे ठरवायला डोके लागते, पुस्तिका वाचावी लागते, आणि चुकले तर कार्ड आपल्या अंगावर येते. तेव्हा वायरमनने ती टाळली तर त्याचा राग येत नाही. राग येतो तो निविदेत खड्ड्यांची संख्या लिहिणाऱ्या आणि जोडाची चाचणी न लिहिणाऱ्यांचा. नियमांनीही लहान घरगुती जोडण्यांना गळतीरोधक यंत्राच्या सक्तीतून सूट दिली आहे, म्हणजे जिथे अभियंता कधी फिरकणार नाही तीच घरे सुटली.

चाचणी अवघड नाही. वायरमनकडे होल्डरला दोन तारा लावलेला दिवा असतोच. त्यात झिरोचा, म्हणजे १५ वॉटचा, जुन्या तारेचा बल्ब घालायचा. तो सुमारे ६५ मिलीअँपिअर ओढतो, आरसीसीबीला लागतात त्याच्या दुपटीहून जास्त. संच चालू असताना वायरमनने, रबरी हातमोजे घालून, दिव्याची एक तार सॉकेटच्या फेजला आणि दुसरी अर्थच्या भोकात लावायची. आरसीसीबी तत्क्षणी पडला तर जोड आहे. तो पडला नाही आणि बल्बही पेटला नाही, तर अंगणातल्या झाकणांखाली काहीही असो, शेवटचा हप्ता देऊ नये.